सोनकीचा हट्ट

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींनी सोनकी पाहिली आहे? नावानं ओळखत नसाल कदाचित, पण पाहिली नक्की असणार. श्रावण सरत आला की कल्याणहून मुरबाडमार्गे निघालेली एस.टी. माळशेजचा घाट चढू लागते आणि खिडकीतून उतारच्या उतार पिवळेधमक दिसतात ना, तीच सोनकी. वीत-दीड वीत उंचीचं रोप, रुपयाएवढं फूल, मध्ये पिवळी गोल टिकली आणि भोवती पिवळ्याच पाकळ्या. एकटंदुकटं फूल पाहिलं तर त्यात काही विशेष नाही. शेवंतीची गरीब चुलत बहीण म्हणा हवं तर! पण हजारोंनी एकत्र फुलली की डोळ्यांचं पारणं फिटतं.

माझं माहेर त्या घाटाच्या वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या बाजूला. भातखाचरं, वरई-नाचणीची शेतं, हिरड्याची झाडं आणि पावसाळ्यात चार-चार दिवस न उठणारं धुकं. लग्न होऊन डोंबिवलीला आले त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली. आधी चाळ, मग हा तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक. बाल्कनीला ग्रिल, समोर दुसऱ्या इमारतीची बाल्कनी, आणि रात्री अकरानंतर सगळं निजलं की लोकलचा आवाज. या बाल्कनीत सोनकी फुलवायचा हट्ट मी धरला. एकदा नव्हे, तीनदा. त्या हट्टापायी जे काही शिकले आणि ज्याची मला आजही लाज वाटते, ते दोन्ही तुम्हांला सांगते.

२०२१च्या पावसाळ्यात आई ओल्या पडवीत घसरली. खुबा मोडला. कल्याणला ऑपरेशन झालं आणि तिथून तिला मी माझ्याकडेच आणलं. दादा-वहिनी न्यायला तयार होते, पण गावी दवाखाना लांब आणि घरात चार ठिकाणी पायऱ्या. आमचे हे म्हणाले, “आई इथंच राहतील. लिफ्ट आहे, सगळं आहे.” सगळं होतं खरं. पण आईच्या पिढीतल्या बाया तुम्हांला ठाऊक आहेत. जावयाच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना पाण्याचा पेलाही मागून घ्यावासा वाटतो. रोज सकाळी चहा झाला की तिचा एकच प्रश्न, “मी कधी जायचं गं घरी?”

भाद्रपद लागला तशी ती आणखी अस्वस्थ झाली. आमच्या सासरी मुखवट्यांच्या गौरी. पितळी स्टँड, पैठण्या, लायटिंग, सगळा थाट. माहेरी मात्र गौर म्हणजे पाणवठ्यावरून आणलेली तेरड्याची जुडी, आणि तिच्यात खोचलेली सोनकी. आई आमच्या गौरींकडे बघून कौतुकानं हसली, हात जोडले, आणि हळूच म्हणाली, “तिकडं सोनकी फुलली असेल, नाही?”

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला, की सोनकी इथं आणायची. ती बाल्कनीत फुलली की आईचं मन इथं रमेल आणि ती जायचं नाव काढणार नाही. मनातलं खरं सांगायचं तर मला आईला सुख द्यायचं होतं त्यापेक्षा तिला ठेवून घ्यायचं होतं. पस्तीस वर्षांनी आई मिळाली होती मला.

दादाचा मुलगा गणपतीत येणारच होता. त्याला फोन करून फुलांनी भरलेली दहा-बारा रोपं मातीसकट उकरून, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायला लावली. घरातली सर्वांत चांगली कुंडी काढली, शेणखत घातलं, नारळाचा भुसा घातला, दोन वेळा पाणी. आठवड्यात पानं पिवळी पडली आणि बुंधे सडून रोपं आडवी झाली. लाडानं मारली म्हणा ना!

आमच्या सोसायटीत वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका राहतात. सगळे त्यांना मॅडमच म्हणतात. त्यांनी कुंडी पाहिली आणि मला फैलावर घेतलं. “फुलावर आलेलं रोप उपटून आणणं म्हणजे बाळंतिणीला घाटातून चालवत आणणं! आणि एवढं शेणखत? ती खडकावर राहणारी पोर, तिला श्रीखंड-पुरी सोसेल का?”

मग त्यांनी समजावून दिलं. सोनकी ही आपल्या सह्याद्रीची लेक. शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस, म्हणजे नावात चक्क मुंबई! तिचं सगळं आयुष्य चार महिन्यांचं. पहिल्या पावसात उगवायचं, श्रावण-भाद्रपदात फुलायचं, बी वाऱ्यावर सोडून द्यायचं आणि थंडी पडेपर्यंत वाळून जायचं. घाटमाथ्यावरच्या सड्यावर माती असते चार बोटं, खाली सगळा कातळ. पाऊस धो धो पडतो, पण पाणी थांबत नाही, वाहून जातं. मातीत कस नाही, म्हणून मोठी झाडं तिथं ठरत नाहीत, आणि म्हणूनच असल्या चिमुकल्या रोपांना ती जागा मिळते. साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराचं २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं, तिथलीही गोष्ट हीच. डोंगरावरून रोपं उपटून आणू नयेत हेही त्यांनी खडसावून सांगितलं. “बी आणा चिमूटभर. तेवढ्यानं डोंगर रिता होत नाही.”

कार्तिकात वहिनीनं बी पाठवलं, जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात. प्रत्येक बीला पांढऱ्या केसांचा झुपका. लहानपणी वाऱ्यावर उडणारं असलं बी धरायला धावत होतो तेव्हा त्याला आपण ‘म्हातारी’ म्हणायचो, आठवतं? मॅडम म्हणाल्या, सेनेसिओ हा शब्दही लॅटिनमधल्या ‘म्हाताऱ्या’वरूनच आला आहे, या पांढऱ्या झुपक्यामुळेच. कुठलं रोम आणि कुठलं जुन्नर! आईला सांगितलं तर म्हणाली, “मग! म्हातारीला म्हातारीच म्हणणार.”

दुसऱ्या वर्षीची, म्हणजे २०२२ची कृती नीट सांगते, कारण ती बऱ्यापैकी जमली होती. डोंगरातलं कुठलंही नाजूक फूल बियापासून करून पाहायचं असेल तर तुम्हांलाही उपयोगी पडेल. खोल कुंडी घेऊ नये. पाच-सहा इंच खोलीचा ट्रे किंवा जुनं घमेलं घ्यावं आणि तळाला भरपूर भोकं पाडावीत. तळाशी विटांचे तुकडे, वर दोन भाग लाल माती, एक भाग बारीक खडी आणि एक भाग जाड रेती. खत अजिबात नको. रोहिणीचा पाऊस झाला की ज्येष्ठात बी वर नुसतं भुरभुरावं, मातीत पुरू नये, हातानं हलकेच दाबावं. घमेलं उघड्या पावसात, जिथे जास्तीत जास्त ऊन येतं अशा जागी ठेवावं. रोपं बोटभर झाली की दाटी काढून टाकावी. आणि रोज रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचाव्यात. मी हे शेवटचं काम दोन रात्री आळसानं चुकवलं आणि वीस रोपांची सहा झाली.

त्या सहांतली चार उन्हाच्या शोधात ग्रिलबाहेर मान काढून लांबुळकी होऊन पडली. आमच्या बाल्कनीत ऊन येतं सकाळी दीड तास. घाटमाथा समुद्रापासून अडीच-पावणेतीन हजार फूट उंच, तिथल्या गार रात्री मी कुठून आणणार? उरलेल्या दोन रोपांना गौरी जेवून गेल्यानंतर, पितृपक्षात, एकच फूल आलं. जुन्या चार आण्याएवढं. आईनं ते हाताच्या ओंजळीत धरून बघितलं आणि म्हणाली, “दमली गं पोर इथं येऊन.” सोनकीला म्हणाली की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

आता ती गोष्ट, जी सांगायला मला दोन वर्षं लागली.

२०२३ साली आईची नजर अधू झाली होती. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा राहिला होता. मधूनमधून विसरतही असे. पाय चांगला झाला होता, काठी घेऊन चालत होती, म्हणजे गावी न जाण्याचं कारण उरलं नव्हतं आणि दादाचे फोन येत होते. मी पुन्हा पेरायच्या भानगडीत पडले नाही. एका नर्सरीत गेले. तिथं काळ्या पिशव्यांमध्ये जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची हिरवीगार रोपं होती. “काकू, हा पिवळा माका. बारा महिने फुलतो, मरत नाही,” नर्सरीवाला म्हणाला. सहा पिशव्या घेतल्या. दोन महिन्यांत भाजीच्या क्रेटमध्ये अशी जाडजूड हिरवी चटई झाली, तीवर पिवळी फुलं. लांबून पाहिलं तर अगदी सोनकी!

गौरींच्या दिवशी तेरड्याची जुडी बाजारातून आणली, तीत ही फुलं वेलासकट खोवली आणि आईपुढे तबक धरलं. “आई, बघ, सोनकी फुलली आपल्याकडे.”

आमचे हे दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेले.

आईनं हात पुढे केला. फुलावरून बोटं फिरवली, मग देठावरून, मग वेलावरून खाली खाली. ही झाडं पाहायला तिला डोळे लागत नाहीत हे मी कसं विसरले होते? म्हणाली, “ही सोनकी नव्हे. हिला पेरापेरावर मुळं फुटलीत. सोनकी एका पायावर उभी राहते. ही लोळणारी जात.” आणि थोड्या वेळानं, आवाज न चढवता, “फसवायला कशाला हवं होतं गं? नाही म्हणाली असतीस तर चाललं असतं.”

त्या दिवशी मी पुरणपोळ्या लाटल्या, सवाष्ण जेवली, सगळं यथासांग झालं. पण घास माझ्या घशाखाली उतरला नाही. लहानपणी परीक्षेतले गुण लपवले होते तेव्हा आईनं मारलं होतं. यावेळी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

रात्री तिच्या अंथरुणाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. तू जाऊ नयेस म्हणून केलं म्हटलं. ती म्हणाली, “मी जायचं म्हणते ते तुझ्याकडे कमी पडतं म्हणून नाही. तिथं माझी कामं पडलीत. वाल निवडायचेत. तू इथं आलीस तेव्हा मी तुला अडवलं होतं का?”

यावर काय बोलणार? तुम्हीच सांगा.

मॅडमना तो क्रेट दाखवला तेव्हा आणखी एक उलगडा झाला. तो पिवळा माकासुद्धा नव्हता! नर्सरीवाले ज्याला सर्रास ‘वेडेलिया’ म्हणतात तो हा अमेरिकेच्या उष्ण भागातला वेल. रस्त्यांच्या दुभाजकांत, बागांत, सोसायट्यांच्या कडेनं तुम्ही तो पाहिलाच असेल. दिसायला देखणा, पण जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या सजीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. पेराचा तुकडा पडेल तिथं रुजतो आणि खालचं दुसरं काही उगवू देत नाही. मला हे ऐकून घाम फुटला, कारण छाटलेला वेल मी इमारतीमागच्या नाल्याकडे टाकत होते आणि तिथं त्यानं ऐसपैस बस्तान बसवलं होतं. दोन रविवार आम्ही दोघांनी कमरेत वाकून तो उपटला, पिशव्यांत भरून गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवला आणि मगच कचऱ्यात दिला. तुमच्याकडे असेल तर एवढं करा, छाटलेला तुकडा मातीवर किंवा पाण्याकाठी टाकू नका.

परदेशी म्हणून मी नाकं मुरडत नाही, बरं का! आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा, शेवंती चीनची, आणि पोरांच्या खेळातली एकदांडीही अमेरिकेचीच. ही सगळी एकाच सूर्यफुलाच्या कुळातली. माझा भाचा न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला असतो. त्यानं तिथल्या उंच डोंगरांवरच्या याच कुळातल्या झाडांचा फोटो पाठवला होता. थंडी-वाऱ्यापासून वाचायला ती जमिनीला इतकी घट्ट चिकटून वाढतात, की लांबून पांढुरक्या मेंढ्या बसल्यासारख्या दिसतात. तिकडे त्यांना मेंढ्याच म्हणतात म्हणे. आई फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाली, “राखणीला कुत्रं नाही दिसत.”

खरा पिवळा माका मिळाला तो पुढच्या वर्षी, २०२४च्या ज्येष्ठात, टिटवाळ्याला माझ्या नणंदेच्या मळ्यात. पाटाच्या कडेला ओलीवर पसरलेला. फरक सांगते म्हणजे तुम्ही माझ्यासारख्या फसणार नाही. परक्या वेलाच्या पानाला दोन्ही बाजूंना कान फुटल्यासारखे कोन असतात, पान तिहेरी दिसतं. आपल्या माक्याचं पान लांबट, अरुंद, साधं. फूलही जरा लहान. हा भारतातला, चीन-जपानपर्यंत पसरलेला, आपल्या आशियातलाच. आयुर्वेदात याला पीत भृंगराज म्हणतात. केसांच्या तेलाचा नेहमीचा माका पांढऱ्या फुलांचा, तो वेगळा.

लावायला याच्याइतकं सोपं काही नाही. तीन-चार पेरांचे तुकडे घ्यावेत, दोन पेरं मातीत जातील असे आडवे दाबावेत, वीतभर अंतरावर. साधी बागेची माती, थोडं कुजलेलं शेणखत. सोनकीला जे मारतं ते याला मानवतं. बुडाशी ओल हवी, अर्धं ऊन पुरतं. आमच्याकडे पाण्याच्या वेळा ठरलेल्या, तेव्हा मी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीच घालते. पंधरा दिवसांत मुळं धरतात, पावसाळाभर चटई होते. उंच दांड्यांवर फुलं आली की ती झाल्यावर कात्रीनं वरून साफ करावं, म्हणजे पुन्हा दाट फुटतो. पानांमागे पिठ्या ढेकूण दिसला तर तो भाग कापूनच टाकावा, फवारे मारत बसू नये. मोठ्या झाडाच्या कुंडीत मोकळ्या मातीवर लावला तर माती उन्हानं तापत नाही. माझा कढीलिंब त्याच्या पांघरुणात सुखात आहे.

पहिलं फूल आलं तेव्हा मी काहीही न बोलता क्रेट आईपुढे ठेवला. तिनं पान चुरगाळलं, वास घेतला. “माका. पिवळा. कुठून आणलास?” मग तिची कळी खुलली. तिच्या आजोळी ओहोळाच्या काठी हा होता म्हणे, आणि तिची आजी दोन्ही माक्यांचं तेल करायची. पाल्याचा वाटून काढलेला रस खोबरेल तेलात घालून मंद आचेवर, रसातलं पाणी आटून तडतड थांबेपर्यंत उकळायचं आणि फडक्यातून गाळायचं. आम्ही केलं. केस काळे होतात का, ते मला विचारू नका, माझे मेंदीनं रंगवलेले आहेत. पण आईच्या डोक्याला ते तेल चोळताना ती दर वेळी एक नवी हकीकत सांगे.

त्या वर्षी गौरींना मी आमच्या गौरी जावेवर सोपवल्या. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा! आमचे हे आणि मी आईला गाडीत घालून माळशेजमार्गे गावी घेऊन गेलो. घाटात धुकं इतकं की पाच पावलांपलीकडचं दिसेना. माथ्यावर एका वळणाला यांनी गाडी थांबवली आणि काच खाली केली. आई बाहेर हात काढून बसली. हाताला नुसते तुषार. “आहे,” म्हणाली. मी विचारलं, “दिसतेय?” तर म्हणाली, “दिसायला कशाला हवी? वास येतोय ओल्या गवतात.” मला कसलाच वास आला नाही. धुकं क्षणभर उठलं तेव्हा खालचा सबंध उतार पिवळा होता.

आईनं बरोबर एक पिशवी घेतली होती, माझ्या नकळत. गावी पोचल्यावर तिनं ती वहिनीकडे दिली. आत ओल्या फडक्यात माझ्या क्रेटमधल्या माक्याचे पाच-सहा तुकडे. “मोरीच्या पाण्यावर लाव,” म्हणाली, “लेकीकडचं आहे.”

आता ती आखाजीपासून आषाढापर्यंत आणि पुन्हा थंडीचे दोन महिने माझ्याकडे असते, बाकीचे दिवस गावी. वाल तिच्या मनासारखे कुणी निवडत नाही हे वहिनीनंही मान्य केलं आहे. परवा फोनवर सांगत होती, माका मोरीपासून गोठ्यापर्यंत गेला आणि शेजारणी तुकडे मागायला येतात. मग म्हणाली, “सोनकीचं बी धरून ठेवलंय तुझ्यासाठी. पाकिटात घालून पाठवते.”

मी म्हटलं, “आई, इथं ऊन नाही गं.”

“गच्ची आहे ना?” म्हणाली.

गच्चीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिला आहे, पाण्याच्या टाकीशेजारी दोन घमेली ठेवण्यापुरता. गळती होणार नाही ना, एवढं विचारून त्यांनी तो पुढच्या मीटिंगवर घेतला आहे.